अल खोरचा शुक्रवार

दोहाहून उत्तर नॉर्वेतल्या एका गावी बिऱ्हाड हलवण्यात मिहीरला मिळायचं होतं ते एकच, पण मोठं: लेक आसावरी जागी असताना तिच्यासमोर असणं. बाकीचा नफा तो लोकांना सांगायचा. स्वच्छ हवा, खिडकीतून समुद्र, एसीची घरघर नाही, दारात पार्किंग. दोहातल्या बिन महमूदसारख्या दाटीच्या वस्तीत राहणाऱ्याला दारात पार्किंग म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही.

कतारचा फुटबॉल वर्ल्डकप सहा-सात महिन्यांवर आला होता आणि मिहीरचं काम गर्दीचं होतं. स्टेडियममधली माणसं कुठल्या दाराने आत घ्यायची, कुठल्या जिन्याने बाहेर काढायची, ते कॉम्प्युटरवर बसवायचं. हजारो लोकांना न चेंगरता घरी पोचवणारा हा माणूस स्वतः घरी पोचे तेव्हा सहा वर्षांची आसावरी झोपलेली असे. सकाळी निघे तेव्हाही झोपलेलीच. मुलगी त्याला बहुतेक डाव्या कुशीवरच माहीत होती.

कंपनी मूळची नॉर्वेची. हेड ऑफिसने सांगितलं, कागदपत्रं आम्ही करतो, इकडच्या कुठल्याही गावात बसून काम कर. फक्त वर्ल्डकप संपेपर्यंत कामाचे दिवस दोहाचे. मिहीरने लगेच हो म्हटलं. माशाला पाण्यात राहायची अट घातली तर तो सही करणारच.

अडून बसली ती बायको, नुपूर. अल गराफाच्या शाळेतली नोकरी सोडायला ती एकवेळ तयार होती, शुक्रवार सोडायला नाही. शाळांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. मिहीरला त्या घाईच्या वर्षात फक्त शुक्रवार. त्या दिवशी तिघं गाडीने अल खोरला जात, नुपूरच्या वडिलांकडे.

राजाभाऊंची हयात तिथल्या गॅस प्लांटवर गेली. नुपूरची आई नयनाबाई नाशकात, सासूच्या आजारपणात गुंतलेल्या. त्यामुळे कंपनीच्या घरात राजाभाऊ एकटे, आणि शुक्रवारी काळ्या मसाल्याची मिसळ. आसावरीसाठी नुसती मटकी वेगळी काढलेली.

"बाबा, तुम्ही तरी समजवा ह्याला," नुपूर म्हणाली. "बर्फात कोण राहायला जातं?"

"इथे चार महिने एसीत कोंडून घेतेस ना? तिथे हीटरमध्ये घे. सवय आहेच."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

राजाभाऊंनी पाव मोडला. "तू हिच्याएवढी होतीस तेव्हा मी कुठे होतो?"

"इथेच."

"आणि तू?"

नुपूर तेव्हा नाशकात होती. बाबा म्हणजे वर्षातला एक महिना आणि चॉकलेटची बॅग.

"मग जा. खलास," राजाभाऊ म्हणाले आणि जावयाच्या वाटीत न मागता तर्री ओतली.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या बेताला तिघं नॉर्वेत राहायला गेली. पार्किंग खरंच दारात होतं.

पहिल्याच शनिवारी आसावरी रबरी बूट घालून दारात उभी राहिली. "बाबा, यल्ला! चला ना!"

बाबांच्या कानाला हेडसेट. शनिवार दोहात कामाचा. रविवारी परत बूट, परत हेडसेट. मॅच रात्रीच्या, म्हणून गर्दी हलवायच्या तालमीही रात्रीच्या, म्हणून संध्याकाळी घरातलं कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आणि शुक्रवारी मिहीर अंघोळ करून, भांग पाडून सुट्टीला बसला, तेव्हा घरात कुणीच नव्हतं. आसावरी शाळेत, नुपूर भाषेच्या वर्गात. सुट्टी म्हणजे शुक्रवार, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घर शोधताना त्याने शाळा, दुकान, हीटर सगळं विचारलं; गावाची सुट्टी कधी असते, ते कुणालाच विचारलं नाही. आता बाप दिवसभर घरात असे आणि लेकीला दिसे ते त्याचं डोकं, तेही मागून.

असे बरेच शुक्रवार गेले. दर शुक्रवारी राजाभाऊंचा फोन येई आणि बाकीच्या बाहेर गेल्यात म्हणून मिहीर वेळ मारून नेई; ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी व्हिडिओ कॉलच केला. मिहीर एकटाच पडद्यावर.

"आजही बाकीच्या बाहेर? जातात तरी कुठे?"

मिहीरने सगळं सांगितलं. राजाभाऊ हसायचे थांबेनात. "स्टेडियमभर माणसांना दारं दाखवतोस, आणि घरातली तिघं एका दिवसात मावेनात होय रे? वार बदलून माग."

"मागितला. वर्ल्डकपनंतर इन्शाल्ला, म्हणाले."

"म्हणजे नाहीच. शाळेत काय करते पोरगी शुक्रवारी?"

"रानात नेतात सगळ्या वर्गाला. शेकोटी, घसरगुंडी. मदतीला पालक मागतात, पण शुक्रवारी कोण मोकळा असणार..."

बोलता बोलता मिहीर थांबला.

"मला नाशिक गाठता येत नव्हतं, मिहीर. तुझ्या लेकीची शाळा किती लांब?"

"दोन गल्ल्या."

"मग ऊठ की."

"पण बाबा, शुक्रवारी आपला फोन असतो. रानात रेंज नाही."

"फोनचं बघू नंतर."

तेव्हापासून मिहीर दर शुक्रवारी वीसेक पोरांच्या मागे बर्फातून फिरू लागला. गर्दी रांगेत चालवायचं काम त्याच्या हातचंच होतं. पहिल्या दिवशी आसावरीने ओळख दाखवली नाही. दुसऱ्या शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं, "दॅट्स माय बाबा." तिसऱ्यांदा ती त्याच्याच पाठीवरून घरी आली, टक्क जागी. नुपूर शिकली-सवरली शिक्षिका. आता मुळाक्षरांच्या बाकावर बसत होती आणि चुकली की घरी येऊन नवऱ्यावर रागवत होती.

नोव्हेंबरात अल खोरचे रस्ते झेंड्यांनी भरले. वाळवंटातल्या तंबूसारख्या स्टेडियमवर दिवे लागायला लागले. राजाभाऊंनी शुक्रवारी जेवायला कंपनीच्या बसचा ड्रायव्हर जालिंदर बोलावला. तो बीडकडचा, तिखटाला भिणारा नव्हे.

"भाऊ, चौघांचं करता अन् खायला मी एकलाच. पोट हाय का गोदाम?"

"हात बसलाय रे चौघांचा. ती मटकी राहिली, तीही घे."

"ही बिनतिखटाची कुणासाठी?"

"आहे एक," राजाभाऊ म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. रानात रेंज नव्हती.

म्हणजे मिहीरला लेक मिळाली, आसावरीला बाप मिळाला, आणि नुपूरने नोकरी सोडून दोघांना एकत्र पाहिलं. जालिंदरला मिसळ मिळाली. उरला अल खोरचा शुक्रवार. तो ज्याचा गेला, त्यानेच जा म्हटलं होतं.