ज्ञानू गवंड्यानं नापास केलेली घरं

ज्योत्स्नानं चार वर्षांत अकरा घरं बघितली आणि तिच्या आबांनी अकराच्या अकरा नापास केली. ती स्वतः शाळेत मास्तरीण, पण इतक्या कडक हातानं तिनंही कधी पेपर तपासले नव्हते. एकाच्या स्लॅबला झोल, दुसऱ्याच्या भिंतीला मिठासारखा पांढरा लोणा, तिसऱ्याची मोरी भलत्याच अंगाला. ज्ञानू गवंडी, म्हणजे आबा, घरात शिरायचे, खिशातला ओळंबा काढून भिंतीला लावायचे, बोटांनी टकटक करायचे आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणायचे, "न्हाय पोरी. आपल्या कामाचं न्हाय." की लागले फटफटीकडे चालायला.

आज शनिवार, आणि बारावं घर बारामतीच्या जळोचीत, आतल्या गल्लीत. पस्तीस वर्षांचं, सुटं, चहूबाजूंनी मोकळं, पुढं कडुलिंब, मागं कपडे वाळत घालायला ऐसपैस जागा. मालकीण द्वारकाबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मुलगा त्यांना पुण्याला न्यायचं म्हणत होता. कागदपत्रं ज्योत्स्नाच्या नवऱ्यानं, बुद्धघोषनं, तपासून घेतली होती, त्यात काही खोट नव्हती. अडचण एवढीच की उद्या सकाळी दुसरी पार्टी येणार होती आणि ती घर पाडून चार मजले उठवणार होती. मुलाला विनवून द्वारकाबाईंनी आजचा एक दिवस मागून घेतला होता.

"ह्या वेळी आबा नाही म्हणाले," निघताना बुद्धघोष म्हणाला होता, "तर सोमवारी आपण पाचव्या मजल्यावरचा तो फ्लॅट बुक करू. थकलो मी आता." त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर तिला जास्त लागलं.

ज्योत्स्नाला फ्लॅट नको होता. तिला जमिनीवरचं घर हवं होतं, आणि त्याचं कारण शाळेतल्या बायकांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. तिचं बालपण दुसऱ्यांच्या घरांत गेलं होतं, तीही अर्धवट. लोणी भापकर हे गाव सोडून आबा बारामतीत कामाला लागले, ते बायको-पोरीसह कामावरच राहायचे. सिमेंटच्या पोत्यांशेजारी चूल. प्रत्येक घरात ज्योत्स्ना आपली खोली ठरवून टाकायची, इथं माझं अंथरूण, इथं दप्तर, ह्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मग दारं बसायची, आणि दारं बसली की गवंड्यानं निघायचं. अशा सात का आठ खोल्या तिनं सोडल्या. दर वेळी ती भोकाड पसरायची, आणि दर वेळी आबा तिला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "तुजं घर मी सोताच्या हातानं बांधीन." पुढं ती शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं, पण जागा घेऊन बांधणं काही जमलं नाही, आणि मध्येच कधीतरी आबांचे हात थरथरायला लागले. आता बांधणं नाही तर नाही, निदान त्यांच्या होकाराशिवाय घर घ्यायचं नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं.

गल्ली तिनं आधीच बघून ठेवली होती. एकदा सकाळी येऊन गेली, एकदा दिवेलागणीला. रस्त्यावरचे दिवे लागतात का, मंगल कार्यालयाचा डीजे किती लांब, आणि आडनाव ऐकून लोकांचे चेहरे बदलतात का. शेजारच्या आक्काबाईंनी आडनाव विचारलं, तिनं सांगितलं, त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग शाळा कुठली म्हणायची तुमची?" तेवढ्यावर ज्योत्स्नानं गल्लीला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

आबांची तपासणी सुरू झाली. ओळंब्याची दोरी आता ज्योत्स्ना धरायची, आबांच्या हातात ती ठरत नव्हती. भिंत सरळ निघाली. स्वयंपाकघरात बादलीभर पाणी ओतलं, ते गुपचूप मोरीकडे गेलं, कुठं थबकलं नाही. चौकटींना वाळवी नाही, भिंतींना ओल नाही.

"पावसाळ्यात गळतं का हो बाई?" आबांनी विचारलं.

"गळतं न्हाय कसं म्हणू? जिन्यापाशी एक थेंब येतो, पातेलं ठेवावं लागतं. आन् बोअरचं पाणी खारट हाय, च्या नासतो त्यानं. खोटं बोलून माजं घर कशाला गळ्यात बांधू?"

मागच्या खोलीत मात्र ते बराच वेळ थांबले. कोपऱ्यात एक बारीक चीर होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं बघ. पाया खचलाय. न्हाय पोरी, आपल्या कामाचं न्हाय."

द्वारकाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "च्या ठेवते," म्हणून त्या आत गेल्या.

ज्योत्स्नानं चिरेकडे बघितलं. मग ती भिंतीच्या दुसऱ्या अंगाला गेली, तिथलं कपाट ओढून बघितलं. भिंत स्वच्छ. परत येऊन तिनं बांगडीतली पिन काढली आणि चिरेत घातली. पेरभर सुद्धा आत गेली नाही.

"आबा, ही गिलाव्याची चीर आहे. भिंतीची चीर दोन्ही अंगांनी दिसते, हे तुम्हीच शिकवलंय मला."

आबांनी पुन्हा चिरेवर बोट ठेवलं.

"अकरा घरांत अशा किती होत्या?" तिचा आवाज चढला. चार वर्षांचे रविवार, बुद्धघोषचा हिरमुसलेला चेहरा, सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं.

"तीन," आबा म्हणाले. मग पुन्हा मोजून, "चार आसतील."

"का पण?"

आबा चिरेवरून बोट फिरवत राहिले. "ह्या घरात खोट न्हाय. ज्यानं बांधलं त्याचा हात माज्यापेक्षा नेटका हुता. पण दुसऱ्याच्या हातचं घर घे, आसं माज्या तोंडानं कसं म्हणू? गावाची घरं बांधली मी. तुज्यासाठी काय केलं मग?"

ज्योत्स्नाचा राग जागच्या जागी विरला. दोघं तसेच पुढच्या खोलीत आले, तर द्वारकाबाई चहा घेऊन उभ्या.

"तासभर झालं, उभ्यानंच बघताय. बसा आता. हितं, खिडकीपाशी."

"न्हाय बाई, आमी बसत न्हाय," आबा म्हणाले. "काम चालू आसतं तवर घर आमचं. घरभरणी झाली, टॉवेल-टोपी घेतली, की वसरीवरनंच निघायचं."

ही धंद्याची रीत होती, आणि त्या रीतीच्या पोटात आणखी एक जुनी रीत होती, जी आबांनी कधी बोलून दाखवली नाही. दीडेकशे घरं त्यांनी उभी केली. बिनदारांच्या घरांत झोपले, पण दुसऱ्याच्या राहत्या घरात कधी टेकले नाहीत.

"माजं घर हाय अजून, आन् मी बसा म्हणते," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी सतरंजी टाकली. भिंतीचा आधार घेत घेत आबा खाली बसले.

खिडकी चांगलीच खाली होती, हातभर उंचीवर. ज्योत्स्नाला आल्यापासून ती विचित्र वाटत होती. आता आबांचं तोंड बरोबर खिडकीसमोर आलं आणि त्यांना सबंध गल्ली दिसली: कडुलिंब, समोरचा नळ, सायकल शिकणारी दोन पोरं. आक्काबाई मेथीच्या जुड्या घेऊन चालल्या होत्या, त्या वाकून थेट आबांशी बोलल्या, "पाव्हणं आलं व्हय? च्या झाला का?" आबांनी गडबडून हात वर केला.

"इतकी खाली कशी काढली खिडकी?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईंचे पाय गेलं हुतं. गवंड्यानं त्यांना उचलून हितं बसवलं आन् हनुवटीखाली कोळशानं रेघ मारली. म्हणला, हितनं खिडकी. म्हातारी पंधरा वर्षं हितनं गावाशी बोलली."

"नाव काय त्याचं?"

"आमच्या मालकांना ठावं हुतं. मला न्हाय बाई."

आबांनी मान हलवली. चहा बशीत ओतताना थोडा सांडला, त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं टिपला.

"ज्योसना, बस," ते म्हणाले. ती शेजारी बसली. "आपण कामावर ऱ्हायाचो, तवा बसल्यावर खिडकीतनं तुला काय दिसायचं गं?"

तिला आठवावं लागलं नाही. "आभाळ."

"व्हय. मी उभ्यानं माप घ्यायचो, छातीएवढं. समद्या खिडक्या तशाच." ते बाहेर बघत होते. "मी तुजं घर बांधलं आसतं, तर त्यातबी तुला आभाळच दिसलं आसतं."

मग त्यांनी बशी खाली ठेवली. "बाई, पोराला फोन लावा. उद्याच्या पार्टीला येऊ नगा म्हणावं."

द्वारकाबाई मोबाईल शोधायला आत धावल्या. चार वर्षं जो होकार हवा होता तो ज्योत्स्नाला मिळाला होता, तिनं बुद्धघोषला कळवायला हवं होतं, पण तिला रडू आवरेना. घर चांगलं होतं, गल्ली चांगली होती, खिडकी तर फारच शहाणी होती. आणि तरी त्या घटकेला तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं आभाळ दिसणारं घरच मागून घेतलं असतं.