गोणीची बंडी

मी बंडी आहे, पण मला घालून कुणी कधी लग्नाला गेलेलं नाही. माझी गळपट्टी धरून माणसं एकमेकांना आपटतात.

त्याआधी मी गोणी होते. साखऱ्याजवळच्या तांड्यावर नानीबाईनं मला अंबाडीच्या सुतळीनं विणलं. तिच्या घरच्या बैलांवरून मी मीठ वाहिलं, धान्य वाहिलं. पुढं हिंगोलीला आगगाडी आली, बैलांची वाहतूक बसली, तांड्यातले लोक शेती करू लागले आणि मी आढ्याला टांगलेली राहिले.

साल पस्तीसच्या सुमाराला नानीबाईचा नातू पेमा मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. अंगानं काटकुळा. शेजारच्या गोरेगावच्या तालमीत त्याला कुणी जोड देईना. त्याच वर्षी तांड्यातला मोहनसिंग रंगूनहून परतला. तिथं तो लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि एका जपान्याकडून जुजुत्सू शिकला होता. ही कुस्ती अंगातला कपडा धरून खेळतात. दांडग्याचा जोर त्याच्यावरच उलटवतात. पेमा त्याच्या मागं लागला. पहिल्याच दिवशी त्याचा सदरा टरकन फाटला.

"जाडजूड काही तरी घालून ये," मोहनसिंग म्हणाला.

नानीबाईनं मला खाली काढलं. कात्री लावताना तिचा हात जरा थांबला. "हिच्यात मीठ मावायचं," ती म्हणाली. "आता तुझी हाडं मावतील." तिनं माझी बाह्यांची बंडी शिवली आणि आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं, नाही तर मी पोराची कातडी सोलली असती.

खळ्यावर भुसा पसरून शिकवणी चाले. पहिला सगळा हंगाम मोहनसिंगानं पेमाला नुसतं पडायला शिकवलं. पाठीवर, कुशीवर, खांद्यावरून.

"डाव कवा दावता?" पेमा विचारी.

"घाई काहून करून राहिला? जमिनीचं भ्या अजून गेलं न्हाई तुझं."

मग डाव आले, कोपराची पकड आली, आणि समोरच्यानं हार मानून जमिनीवर हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं, हा नियमही आला.

काही वर्षांनी आखाडा बाळापूरच्या जत्रेत पेमाची कुस्ती लागली. समोर संतराम, तांड्याजवळच्याच वस्तीवरचा शेतकरी, रेड्यासारखा गडी. मोहनसिंगानं त्याला नियम समजावून सांगितला होता. संतरामनं माझी गळपट्टी धरून पेमाला उचललं. पेमानं पडता पडता त्याचा हात पायांत घेतला आणि कोपर ताणलं. एवढ्या माणसांत हात कसा आपटायचा म्हणून संतराम दात खाऊन पडून राहिला.

"सोड," मोहनसिंग म्हणाला.

पेमानं ते ऐकलं. मला ठाऊक आहे, कारण माझ्या आत त्याचा श्वास थांबला होता. तरी त्यानं ताणलं. कोपर मोडलं.

बक्षिसाचा फेटा मोहनसिंगानं परत केला.

"त्यानं हात कुठं आपटला?" पेमा म्हणाला.

"मी सोड म्हनलो व्हतो. त्याची ज्वारी शेतात उभी हाय. ती आता तू काढ."

पेमा गेला. मला अंगात घालून त्यानं संतरामची ज्वारी काढली, कणसं खुडली, मळणी केली. संतरामची बायको गोजरबाई बांधावर भाकर ठेवी आणि त्याच्याकडं न बघता मागं फिरे. हात जुळला, पण वाकडा. दुसऱ्या वर्षी नांगरटीलाही पेमा आपण होऊन आला. तेव्हा संतराम म्हणाला, "कसं केलतंस ते? दाव मला."

पेमानं मला उतरवून त्याच्या अंगात घातलं. वाकडा हात बाहीत जाईना. गोजरबाई उठली, माझी शिवण उसवली, तुकडा जोडला.

सगळे डाव दोन सरळ हातांसाठी होते. संतरामला ते लागू पडेनात. पेमानं मोहनसिंगाला जाऊन विचारलं.

"मला कुठं येतं ते? तू शोध," मोहनसिंग म्हणाला.

पेमा शोधत बसला. माझ्या मते, वस्ताद तो तिथं झाला. पुढं मोहनसिंग तापानं गेला, आणि पोरं आपसूक पेमाकडं येऊ लागली.

मग रझाकारांचं वर्ष आलं. गावं रिकामी झाली. पेमा आणि संतरामचं कुटुंब पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडातल्या छावणीत राहिलं. तिथं गोजरबाई पहिल्यांदा पेमाशी बोलली.

"पेमाभाऊ, मनगट धरलं तर सोडवायचं कसं, ते आमाला शिकवा."

"बायांनी कुस्ती खेळायची व्हय?" छावणीतले म्हातारे माणिकराव म्हणाले.

"कुस्ती न्हाई, मामा. हात सोडवून पळायचं."

परक्या बाईचा हात पेमा धरेना. तो आणि संतराम डाव दाखवत. लुगड्यावरून मला घालून गोजरबाई तो बायांकडून करून घेई. एक दिवस त्यांच्यातली द्वारकाबाई गावात पुरून ठेवलेलं बियाणं आणायला नदी ओलांडून गेली. परतली ती मनगट सुजलेलं घेऊन.

"सुटला हात," ती म्हणाली आणि बियाण्याचं गाठोडं खाली ठेवलं.

  पेमानं लगेच बायांना पुन्हा उभं केलं.

पोलीस ॲक्शन झाली, माणसं घरी आली. आता खळ्यावर पेमा पोरांना शिकवतो आणि संतरामच्या अंगणात गोजरबाई पोरींना. मी तिच्याकडं असते. अस्तर गेलं आहे, गळपट्टी विरली आहे. माझ्या जागी नवी शिवायचं चाललं आहे, ते बरंच आहे.

तोवर एकच सांगते. मी म्हातारी म्हणून पोरी मला चिमटीत धरतात. तसं धरून काही शिकणं होत नाही. मूठ भरून धरा, बायांनो, आणि ओढा. फाटले तर गोजरबाईकडं सुई आहे.