टाकीला दोनदा विचारायचं

दिनानाथनं चाचणीला टाकीच्या जागी ठेवलेली, काठोकाठ भरलेली बादली हातानं ढवळली, आणि पंप तिच्यात आणखी पाणी ओतू लागला. फरशीवर ओघळ आला.

"बंद कर रे!" हिरामणशेठ पाय वर घेत ओरडले. "कोलाडच्या गिऱ्हाइकाकडं हेच झालं. टाकी भरलेली नि पंप चालू. गरम पाणी कामगाराच्या पायावर सांडलं. थोडक्यात निभावलं म्हणून बरं."

रोह्यात शेठचं छोटं वर्कशॉप होतं. टाक्यांचे पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या तिथं बनत. पेटीतला प्रोग्राम दिनानाथ लिहायचा. रोज पेणहून यष्टीनं यायचा.

"ह्यो भाग लिहिलास कधी?"

"सरू दवाखान्यात होती तवा."

शेठ आवाज उतरवून म्हणाले, "मग तसं बोल ना. बायको आजारी असल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर ऱ्हातंय? तू थोडे दिवस घरी बस. पनवेलला एक माणूस हाय, तो बघंल."

सरू जाऊन पावसाळा उलटला होता. रिकाम्या घरी बसायचं म्हणजे काय, ते शेठला माहीत नव्हतं. आणि चूक खरंच आपली निघाली, तर त्या दिवसांत आपण आणखी काय काय चुकलो असू? एखादं औषध, डॉक्टरांना सांगायची एखादी गोष्ट? दिनानाथनं लॅपटॉप पुढं ओढला.

"आजचा दिवस द्या, शेठ."

ते काम त्यानं दवाखान्यात सरूच्या खाटेशेजारी बसून केलं होतं. लॅपटॉप मांडीवर. एकदा ती म्हणाली, "काय लिवताय येवढं?"

"टाकी भरली का, ते पेटीनं विचारायचं. थोडं थांबून परत विचारायचं. दोन्ही येळेला नाय बोलली, तरच पंप चालू."

"दोनदा कशाला?"

"पाण्यावर गोळा तरंगतो ना, तो हिंदकळतो. पयल्यांदा खोटं बोलतो."

सरू हसली होती. "अगो बाय, माझ्यावानीच! डॉक्टर इचारतो बरं हाय का, मी पयल्यांदा व्हयच बोलते."

तेव्हापासून तो तिलाही सगळं दोनदा विचारायचा. दुसऱ्यांदा ती खरं सांगायची. पाठ दुखतेय. भीती वाटतेय.

दुपारपर्यंत त्यानं ओळ अन् ओळ वाचली. चूक सापडेना. बादली ढवळली, पंप चालू. पुन्हा ढवळली, पुन्हा चालू. दर वेळी तसंच.

सरू पेणला भावाच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायची. ओळीनं सगळ्या मूर्तींचा कान एकाच जागी दबलेला निघाला, की ती हात थांबवून म्हणायची, "हाताची चूक दर वेळी येगळी असते. ही साच्याची."

प्रोग्रामलाही साचा असतो. माणसानं लिहिलेल्या ओळी मशीनला कळतील अशा हुकमांत ओतणारा, कंपायलर. तो विकत आणलेला. त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. दिनानाथनंही एवढ्या वर्षांत घेतला नव्हता.

त्यानं कंपायलरनं काय ओतलं ते उघडून पाहिलं. वर आपली ओळ, खाली तिचे झालेले हुकूम. पहिल्यांदा विचारायचं, खाली हुकूम होते. थांबायचं, हुकूम होते. दुसऱ्यांदा विचारायचं. ओळ होती. तिच्याखाली काही नव्हतं.

आत्ताच तर विचारलं, परत कशाला, असं कंपायलरनं परस्पर ठरवलं होतं. 'हे उत्तर बदलतं, दर वेळी नव्यानं विचार' असं दिनानाथनं बजावून लिहिलं होतं, तरी. खात्रीसाठी त्यानं फक्त दोनदा विचारणारा इवलासा प्रोग्राम केला. त्यातूनही दुसरा प्रश्न गाळलेला. मग त्या प्रश्नाचे हुकूम त्यानं स्वतःच मशीनच्या भाषेत लिहिले, कंपायलरचा हात लागणार नाही असे.

बादली ढवळली. पंप गप्प राहिला.

शेठनं स्वतः ढवळून पाहिलं. बाही कोपरापर्यंत भिजली. "आयला! म्हंजे तुझी चूक नव्हतीच?"

"नव्हती."

"त्या कंपायलरवाल्यांना मी सोडत नाय आता. नि पनवेलवाल्याला नको म्हणून सांगतो."

दिनानाथ पडद्याकडे बघत राहिला. तिच्याशेजारी बसून लिहिलेली ओळ बरोबर होती. ती कुठं गळली, तेही सापडलं. सरूचं मात्र डॉक्टरांनी 'अचानक बिघडलं' एवढंच सांगितलं होतं. ते उघडून कुठं बघायचं?

शेठ स्कूटरची किल्ली घेऊन दाराशी गेले आणि वळले. "मग? आता बरं वाटतंय ना रे?"

"व्हय, शेठ."

"झालं तर," म्हणून शेठ परत न विचारता गेले.

दिनानाथ जागचा हलला नाही. स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत दाराकडे बघत राहिला. मग त्यानं फडकं घेतलं आणि ओली फरशी पुसायला बसला.