गुरुजींनी न पाहिलेलं सील

हसू नका मित्रांनो, माझ्या तोंडावरची अक्षरं उलटीच कोरलेली आहेत. लाखेवर दाबलं की ती सुलटी उमटतात. मी जालन्याच्या एका पोलीस ठाण्याची जुनी पितळी मोहोर आहे. निजामाचं राज्य गेलं तेव्हा ठाण्याची उर्दू मोहोर मोडीत निघाली. तिच्याच पितळेतून जुन्या जालन्यातल्या एका कारागिरानं मला घडवलं आणि शिसवी मूठ बसवून दिली.

माझं काम सोपं होतं. चोरीची भांडी, हातभट्टीच्या बाटल्या, रक्ताची कुऱ्हाड, जे काही पकडलं जाई ते जागच्या जागी कापडात बांधायचं, गाठीवर तापलेली लाख ओतायची आणि पंचांच्या डोळ्यांदेखत मला दाबायचं. मग मला पंचाच्याच ताब्यात द्यायचं, म्हणजे मागाहून कोणाला लबाडी करता येत नाही. एकदा कोर्टातले साहेब म्हणाले, "वा! सील अगदी शाबूत आहे." काय सांगू, आठवडाभर मी ऐटीत होते!

चौऱ्याहत्तर साली ज्वारीच्या सुगीत ते घडलं. रेल्वेचा गँगमन भिवा रूळ तपासत चालला होता. पुलाजवळ त्याला पत्र्याचा डबा दिसला. पॅसेंजर गाडी यायची वेळ झाली होती, म्हणून त्यानं तो घाईनं बाजूला उचलून नेला. डबा त्याच्या हातातच फुटला. गाडी वाचली, भिवा गेला. त्यानंतर कितीतरी दिवस लोक रस्त्यात पडलेली शिदोरीसुद्धा उचलत नव्हते.

चौथ्या दिवशी सर्जेराव नावाच्या माणसाच्या खोलीवर छापा पडला. तो विहिरींना सुरुंग लावायचं काम करी. खाटेखाली उघडलेलं घड्याळ, वायर, सुरुंग पेटवायच्या केपा आणि तसलाच पत्र्याचा डबा निघाला. पंच होते शाळेतले त्रिंबक गुरुजी. आमच्या ठाण्याच्या आबाराव जमादारांनी मला खिशातून काढलं, केपांकडे पाहिलं आणि परत खिशात घातलं.

"इथं काडी ओढली तं आपून सगळेच उडू. सील ठाण्यात लावतो. तुम्ही पंचनाम्यावर सही करा, गुरुजी."

"पण यात तर 'आमच्यासमक्ष सील लावले' असं लिहिलंय."

"तसंच लिवावं लागतं. बिलकुल फिकीर करू नका."

गुरुजींनी सही केली. अहो, केपा अंगणात नेऊन ठेवल्या असत्या, तर बाकीच्या वस्तूंना तिथंच सील लागलं असतं! पण घाबरल्या माणसाला सुचतंय कुठं? ठाण्यात ते गाठोडं दुपारभर टेबलावर उघडं पडलं. येईल तो पाहून जाई. एका शिपायानं तर घड्याळाला किल्ली दिली. ते टिकटिक करू लागलं आणि सगळे खुर्च्या सोडून दाराशी पळाले. संध्याकाळी जमादारांनी मला लाखेवर दाबलं आणि आपल्याच कपाटात ठेवलं. मला फार वाईट वाटलं. पण मोहोरेला कोण विचारतो?

खटला तीन वर्षं चालला. भिवाची बायको केशरबाई एकही तारीख चुकवत नसे. गुरुजींच्या साक्षीच्या दिवशी मलाही कोर्टात नेलं होतं. दारातच ती त्यांना म्हणाली, "गुरुजी, मला दुसरं काही नको. खरं तेवढं सांगा." गुरुजींचा चेहरा पडला.

आरोपीच्या वकिलांनी गाठोडं उचलून विचारलं, "हे सील तुमच्या डोळ्यांसमोर लावलं?"

गुरुजी केशरबाईकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही."

"यातल्या वस्तू मागाहून कोणी बदलल्या नाहीत, असं सांगू शकाल?"

"नाही."

दुसरा बळकट पुरावा नव्हता. सर्जेराव संशयाचा फायदा मिळून सुटला. जाताना कोणाकडेही न पाहता तो पायऱ्या उतरून गेला.

त्यानंच तो डबा ठेवला होता का? मित्रांनो, मला ठाऊक नाही. ते आता कोणालाच कळणार नाही, याची मला भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी केशरबाई ठाण्यात आली. म्हणाली, "गुरुजी खरंच बोलले, त्यांना मी बोल लावत न्हाई. पर मंग माझ्या मालकाला मारलं कोणी?"

जमादारांनी मान खाली घातली. "फाईल बंद झाली, बाई."

"मंग आता कोणाला शोधून राह्यले तुम्ही?"

"कोणालाच न्हाई."

ती डोक्यावरचा पदर सारखा करून ठाण्याबाहेर पडली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी जमादार होईल, कोणी पंच. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्याखाली सही करू नका, आणि कोणाला करायलाही लावू नका. ज्यानं तो डबा पुलाजवळ ठेवला, तो आज कुठंतरी मोकळा फिरतो आहे, आणि त्याच्या मागावर कोणीही नाही.