त्रेसष्ट नावं आणि झोपलेलं मशीन

वायरताईचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले धुणाऱ्या त्या कारखान्यात जेवढे संगणक होते, तेवढ्यांची आई, सासू आणि सुईण ती एकटीच. खोली जिन्याखाली, वाफेच्या पाइपांना खेटून. मशीनं सगळी कुणीतरी वापरून टाकलेली, कंपनीने किलोच्या भावात उचललेली. एकाचीही बॅटरी धड नाही. प्लग निघाला की मशीन गेलंच.

त्या सकाळी ती चहात बिस्किट बुडवत होती तेव्हा नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नणंद त्याच कारखान्यात, वाफेच्या इस्त्रीवर. हात आत जाऊ नये म्हणून त्या इस्त्रीला लावलेला लोखंडी पट्टा चार महिन्यांपूर्वी तुटला. साहेब म्हणाले, बघू. मग महिन्याभरापूर्वी नणंदेचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला, तेव्हाही साहेब म्हणाले, बघू. अजून पट्टी बांधावी लागत होती.

नणंदेने सांगितलं की काल संध्याकाळी इस्त्रीखात्याच्या मुकादमबाईंना घरी बसवलं आणि त्यांचा लॅपटॉप हातातून ओढून घेतला. मुकादमबाई तुटलेल्या पट्ट्यांविरुद्ध तक्रार लिहीत होत्या आणि सही करायला तयार असलेल्या बायकांची यादी त्यात होती. त्रेसष्ट नावं. शंभर झाली की सगळ्यांनी एकदम द्यायची, तोवर अळीमिळी गुपचिळी, असं ठरलेलं.

"माझंही आहे त्यात," नणंद म्हणाली. "पण वहिनी, घाबरायचं कारण नाही. फाइलला तू शिकवलेलं कुलूप आहे. ते आले तसं मुकादमबाईंनी झाकण धाडकन मिटलं, तूच सांगितलं होतंस तसं."

बिस्किट चहात पडलं आणि तळाशी गेलं. नवऱ्याने वर्तमानपत्राआडून सल्ला दिला की आपण बरं आणि आपलं काम बरं. त्याचं हे वाक्य लग्नापासून बदललेलं नव्हतं, आणि आज तर ते तिला ऐकूही आलं नाही.

कारण झाकण मिटलं की काय होतं, ते त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिनेच तसं लावून ठेवलं होतं. चालू मशीनच्या डोक्यात जे काही असतं ते वीज जाताच विसरलं जातं. ते विसरू नये म्हणून झाकण मिटताच मशीन आपल्या डोक्यातलं सगळं डिस्कवरच्या एका राखीव जागेत ओतून ठेवतं आणि मग झोपी जातं. त्या जागेला स्वॅप म्हणतात. उठल्यावर तिथून सगळं परत उचलतं आणि काम होतं तिथून पुढे सुरू. बायका खूश. मशीनं झोपवायची, घरी जायचं, सकाळी हिशेब होता तिथेच.

पण मशीन बापडं निवडून ओतत नाही. फाइल उघडी असेल तर उघडी फाइल ओततं, तिचा पासवर्डही ओततं. तिजोरीला कुलूप लावावं आणि तिजोरीतलं सगळं, किल्लीसकट, मागच्या अंगणात मांडून ठेवावं, तशातली गत. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की ज्याला जमतं तो ते अंगण सावकाश वाचू शकतो.

त्या अंगणालाही कुलूप घालता येतं. दोन वर्षांपूर्वी तिने घातलंही होतं: मशीन सुरू होताना दर वेळी नवी किल्ली, बंद होताना ती फेकून द्यायची. मग कुणाला काही वाचता येत नाही. पण मशीनलाही येत नाही. झोपलेलं मशीन उठतं ते कोऱ्या पाटीने. त्यावर बायकांनी तिचं डोकं खाल्लं. दुसरा उपाय होता. कायमची किल्ली ठेवायची आणि दर सकाळी लांबलचक पासवर्ड मागायचा. तो लावला असता तर आणखी डोकं खाल्लं असतं. म्हणून ताईने कुलूपच काढून टाकलं. मुकादमबाईंना फाइलचं कुलूप मात्र छातीठोकपणे शिकवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि इथे दिवाही तीच होती.

दहा वाजता वरून बोलावणं आलं. कारखान्याच्या व्यवस्थापकांना सगळे खळसाहेब म्हणत. त्यांच्या कॉलरला इतकी खळ असे की मान वळवायची झाली तर त्यांना सबंध वळावं लागे. समोर टेबलावर मुकादमबाईंचा लॅपटॉप होता, एका कोपऱ्यावर भेंडीएवढा टवका उडालेला.

साहेबांनी फाइल उघडायला सांगितलं; तिच्यात त्रेसष्ट नावं आहेत, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. पासवर्डशिवाय ती उघडत नाही, असं ताईने सांगितलं, आणि ते खरंच होतं. साहेब हसले. त्यांनी दोन वाजता बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला होता. त्याने फोनवर एकच गोष्ट विचारून ठेवायला सांगितली होती.

"हे मशीन नीट बंद केलेलं आहे की झोपवलेलं?" साहेबांनी विचारलं. "तो म्हणाला, झोपवलेलं असेल तर कुणी हात लावू नका, अर्ध्या तासात नावं काढून देतो."

"बघून सांगते," ताई म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून जिना उतरली.

आता खरं सांगायचं तर तिला पळवाट होती. गुपचूप पुसायचं, वर जाऊन 'बंदच होतं साहेब' म्हणायचं आणि संध्याकाळी पगारवाढीचा अर्ज करायचा. जग असंच चालतं आणि चालवणारे सुखाने झोपतात. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिला स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली. दोन वर्षांपूर्वी चार शिव्या खायची लाज वाटली म्हणून त्रेसष्ट बायकांचा भरवसा उघड्यावर टाकला. आता पुन्हा मूग गिळून बसायचं? नणंदेचा भाजलेला हात तिने स्वतः रोज धुतला होता. बास झालं.

खोलीचं दार तिने सताड उघडं ठेवलं. मशीन स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं, म्हणजे आतली व्यवस्था झोपलेलीच राहिली. मग ती राखीव जागा शोधली, दोनदा तपासली आणि तिच्यावर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत नुसती शून्यं लिहायला लावली. बाकी काही नाही. हजेरी, हिशेब, कुलूपबंद फाइल, सगळं जागच्या जागी. डिस्क म्हातारी, दमेकऱ्यासारखी खरखरत निघाली. पडद्यावर टक्के सरकू लागले. बारा-तेरा मिनिटांचं काम होतं.

अडतीस टक्क्यांवर खळसाहेब स्वतः खाली आले. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदाच आले असावेत, कारण पाइपाला डोकं आपटलं. डोकं चोळत त्यांनी विचारलं की एवढा वेळ कशाला लागतो, आणि पडद्यावर हे काय चाललंय.

"पुसतेय."

"काय पुसताय?"

"मशीनने झोपताना मागे जे ओतून ठेवलं होतं ते. तुम्ही विचारलं होतंत ना? झोपवलेलंच होतं."

साहेबांना पहिल्यांदा ते कळलंच नाही. त्या कारखान्यात त्यांना कुणी असं सरळ सांगत नसे. मग कळलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी थांबवा म्हटलं. ताईने थांबवलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आकडा बावन्नवर होता आणि ताई खुर्चीवरून उठली होती. नावं पहिल्या अर्ध्यात होती की दुसऱ्यात, हे तिलाही माहीत नव्हतं. एखादं नाव अगदी शेवटच्या कोपऱ्यातही असू शकत होतं. म्हणजे नव्व्याण्णवचा उपयोग नव्हता, शंभरच हवे होते.

साहेबांची नजर भिंतीवरच्या प्लगकडे गेली. बॅटरी नसलेलं मशीन प्लग ओढला की मरतं, एवढं संगणकाचं ज्ञान त्यांनाही होतं. पण ताई त्या प्लगला पाठ लावून उभी राहिली.

"प्लगला हात लावायचा तर आधी मला बाजूला करावं लागेल," ती म्हणाली. "आणि दार उघडं आहे, साहेब."

दाराबाहेरून चादरींच्या ढकलगाड्या घेऊन बायका जात होत्या. एक थांबली. तिच्यामागची आपोआप थांबली. साहेबांनी पुढे केलेला हात खिशात घातला. वाफेने त्यांची कॉलर मऊ पडून एका बाजूला कलली होती आणि माणूस एकदम कुणाच्याही शेजारच्यासारखा दिसायला लागला होता.

मशीन कंपनीचं आहे, ते म्हणाले. ताई म्हणाली की कंपनीचंच आहे, इथेच ठेवून जाते, नावं मात्र कंपनीची नाहीत. मग त्यांनी तज्ज्ञाला फोन लावला आणि घाईघाईत सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, मग मी येऊन काय करू? त्याने जेवढं सांगायचं तेवढं सांगून फोन ठेवला. पडद्यावर शंभर झाले आणि डिस्कची खरखर थांबली.

"उद्यापासून तुम्ही इथे नाही," साहेब म्हणाले.

"लिहून द्या. कारणासकट."

कारण काय लिहायचं, याचा विचार करत साहेब वर गेले. संध्याकाळचा भोंगा झाला तरी कागद काही खाली आला नाही.

कामावरून सुटल्यावर वायरताई नणंदेला घेऊन मुकादमबाईंच्या घरी गेली. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे. साहेबांपुढे उभं राहण्यापेक्षा इथे उभं राहणं तिला जड गेलं. तिने काही लपवलं नाही. झाकण मिटायला मीच शिकवलं, मागचं कुलूप मीच काढलं, नावं बचावली ती नशिबाने, माझ्या हुशारीने नाही, असं सगळं एका दमात सांगितलं.

मुकादमबाई चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. त्रेसष्ट घरांच्या चुली तुझ्या भरवशावर ठेवल्या होत्या, त्या म्हणाल्या. नणंद मध्ये बोलायला गेली तर तिलाही गप्प केलं. मग बराच वेळ त्या खिडकीतले मोजे काढून घडी घालत बसल्या. सगळ्या मोज्यांच्या जोड्या लागल्यावर त्यांनी विचारलं की आता ताईचा विचार काय आहे.

"मला नाव द्यायचंय," ताई म्हणाली. "पण तुमच्या यादीत नाही. मला उघड्यावर द्यायचंय."

"आणि बाकीच्यांचं?"

"ती कुलपातच राहू देत. ज्या बाईला वाटेल ती स्वतः बाहेर काढेल."

मुकादमबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कपाटातून तक्रारीचा हाताने लिहिलेला कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, अक्षर मोठं काढ, त्या माणसाला चष्मा आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी तो कागद इस्त्रीखात्यात, हजेरीच्या घड्याळाशेजारी लागला. खाली एकच नाव, पगारपत्रकातलं, पूर्ण. बायका येत, घड्याळात कार्ड घालत, वाचत आणि पुढे जात. पहिली वीस मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. ताई बाजूला उभी होती आणि तिला वाटलं, झालं, हसं झालं आपलं. मग नणंद आली. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताने, वेडंवाकडं, सावकाश लिहिलं. त्यानंतर धुलाईतल्या दोघी आल्या. त्यातली एक तर मुकादमबाईंच्या यादीतही नव्हती.

नऊ वाजता खळसाहेब आले तेव्हा कागदावर एकोणीस नावं होती. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. काल जी वाचायला त्यांनी माणूस बोलावला होता, ती आता हाताच्या अंतरावर होती आणि तरी त्यांचा चेहरा पडला होता.

"त्रेसष्ट होती ना?" ते म्हणाले. "बाकीची कुठे आहेत?"

"इथेच कामावर आहेत," वायरताई म्हणाली. "विचारा. एकेकीला, समोर जाऊन."

इस्त्र्या एकामागून एक थांबल्या. वाफ बसली आणि पन्नासएक बायका आपापल्या जागी सरळ उभ्या राहून साहेबांकडे बघू लागल्या. नाव दिलेल्या कोणत्या आणि न दिलेल्या कोणत्या, चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं. खळसाहेबांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं आणि एकीलाही विचारलं नाही.