एका अंशाची फट

मित्रांनो, मी काचेचा आहे, म्हातारा आहे आणि स्वभावाने अतिशय भित्रा आहे. उंची वीतभर, अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंतच्या काळ्या रेघा आणि पोटात पारा. मी थर्मामीटर. मात्र मला कोणी काखेत धरत नाही. अंडी उबवण्याच्या पेटीत उभे राहून आतली ऊब सांगायची, एवढेच माझे काम.

ज्या कारागिराने मला घडवले त्याने मला आधी वितळत्या बर्फात बुडवले. पारा आकसून जिथे थांबला तिथे त्याने शून्याची रेघ मारली. वितळता बर्फ कुठेही घ्या, तो शून्य अंशच असतो. बर्फापुढे थापा चालत नाहीत हे मला तेव्हाच कळले.

पुढे मी पिल्लूमावशीकडे आलो. लोकांची अंडी उबवून द्यायची हा तिचा धंदा, म्हणून तिला हे नाव पडले. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा आपल्या अंगाची ऊब त्यांना देते. पेटीत ते काम दिवे आणि पंखा करतात. आत साडेसदतीस अंश ऊब हवी. अंडी रोज फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. एकविसाव्या दिवशी पिल्लू चोचीने कवच टोचते. ऊब फार वाढली तर जीव आतच जातो, कमी पडली तर त्याची वाढ रेंगाळते. हा सगळा भार माझ्या एका रेघेवर होता. मला कायम धास्ती वाटे, पण मावशी मात्र माझ्यावर खूश होती. घरात खरे बोलणारा हा एकटाच, असे ती दिरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

मी येण्यापूर्वी तिच्या सासूबाई अंडे मिटलेल्या पापणीला लावून ऊब ओळखत. पापणीची कातडी पातळ, तिला लगेच कळते. मावशीही ते शिकली होती. मी आलो आणि तिची ती सवय सुटली.

मग एकदा पेटी मागच्या खोलीत हलवायची ठरली. दीर वायरमन. त्यांनी हलवण्याआधी दुरुस्तीसाठी पेटीचे सामान आपल्या दुकानात नेले आणि मला पिशवीत आडवे टाकले, पकड आणि हातोडीच्या शेजारी. स्कूटर प्रत्येक खड्ड्यात आदळत होती. माझ्या पोटात काहीतरी तुटले. पाऱ्याचा वरचा तुकडा मूळ धाग्यापासून सुटला, वर सरकला आणि मधे एका अंशाची फट पडली. आता मी खऱ्यापेक्षा एक अंश जास्त दाखवत होतो. मला पुन्हा पेटीत लावले तेव्हा ती फट कोणालाच दिसली नाही. सगळे माझे टोक बघतात, मधे कोणी बघत नाही.

नेमके त्याच दिवशी पोस्टमनकाका चौसष्ट अंडी घेऊन आले. नोकरी सुटल्यावर वीस वर्षे त्यांनी निवडून निवडून काळ्या पायांच्या कोंबड्या वाढवल्या होत्या. काटक, आजाराला सहजी दाद न देणाऱ्या. तशा दुसऱ्या कोणाकडेच नव्हत्या. चार दिवसांपूर्वी कुत्र्यांनी खुराडे फोडले आणि एकही कोंबडी वाचली नाही. आधी गोळा केलेली ही अंडी तेवढी उरली होती. ती गेली तर ती जातच संपणार होती.

मावशीने अंडी लावली आणि माझ्याकडे पाहिले. साडेअडतीस! तिने घाईने ऊब कमी केली. मी साडेसदतीसवर आलो आणि तिचे समाधान झाले. खरी ऊब होती साडेछत्तीस. मला ओरडावेसे वाटत होते, पण काचेला कुठला आवाज? एकवीस दिवस ती रोज माझ्याकडे बघून हसायची आणि मी भीतीने गोठून जायचो.

एकविसावा दिवस गेला. एकही कवच टोचले गेले नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी करायची, हा तिथला नियम. सडलेले अंडे आत फुटले तर पुढची सगळी अंडी नासतात. दिरांनी बादली आणली. काका दारातच उभे होते. एक, दोन, तीन अंडी बादलीत गेली. तिसरे पडताना तडकले.

चौथे अंडे मावशीच्या हातात थांबले. तिने डोळे मिटले आणि ते पापणीला लावले.

"भावजी, हे गार लागतंय."

"वहिनी, थर्मामीटर बघा की. साडेसदतीस आहे."

"तो म्हणतोय. पापणी नाही म्हणत."

तिने मला उचलले आणि बर्फाच्या चुऱ्यात उभे केले. पारा उतरत गेला आणि एकवर थांबला. त्याखाली उतरेना. मग तिने चष्मा पुसून मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि तिला फट दिसली. माझी चोरी पकडली गेली, आणि मित्रांनो, मला रडावेसे वाटले.

खोली अंधारी करून तिने अंड्याला विजेरी लावली. वरच्या हवेच्या पोकळीत एक सावली हलली. पिल्लू जिवंत होते, फक्त मागे पडले होते. सगळी अंडी परत आत गेली आणि ऊब वाढवली. बादलीतले तडकलेले अंडे मात्र तिने उघडले. आत पूर्ण वाढलेले पिल्लू होते. त्याने चोच दोनदा हलवली आणि ते थांबले.

तेविसाव्या दिवशी दुपारी पहिले कवच टोचले गेले. एक्केचाळीस पिल्ले बाहेर आली, काळ्या पायांची. काकांनी एक तळहातावर घेतले आणि म्हणाले, "ताई, हे राहिलं, पुष्कळ झालं."

मावशीने मला टाकून दिले नाही. पारा विषारी, माती-पाण्यात गेला की सहज निघत नाही. तिने बर्फात मीठ घालून मला आणखी गार केले. सगळा पारा तळाच्या फुग्यात उतरला आणि तुटलेला धागा सांधला गेला. आता ती दर महिन्याला मला बर्फात बुडवते आणि रोज आधी अंडे पापणीला लावते, मग माझ्याकडे बघते. मला त्याचा राग येत नाही. तिचा हात अंड्याकडे गेला की माझा जीव भांड्यात पडतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला जपून न्या, उभे ठेवा आणि आमच्यावर डोळे मिटून भरवसा टाकू नका. अधूनमधून आम्हाला तपासा. बादलीतल्या त्या पिल्लाला साडेसदतीस अंश ऊब एक दिवसही मिळाली नव्हती, आणि मी मात्र एकवीस दिवस तेच सांगत होतो.