भावोजींची ढुशी

छताला एसीचं मशीन टांगलं, की भावोजी शिडीवर चढून त्याला खांद्याने ढुशी मारत. छतातून सोडलेले चार लोखंडी गज वजन पेलतात हो, पण मशीन डुलू नये म्हणून बाजूंनी तारांचे तिरपे ताण कसावे लागतात. ढुशीने मशीन केसभर जरी हललं, तरी भावोजी सगळं पुन्हा करायला लावत. वर शिव्या फुकट!

पण दुखण्यातून उठल्यापासून माणूस निम्मा उरला होता. 'उठल्यापासून' हे आपलं म्हणायचं. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. हे ठाऊक होतं फक्त ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला. तो भावोजींच्या हाताखालीच फिटर झाला होता. "त्यांना काही कळू देऊ नकोस," ताईने त्याला बजावलं होतं. "काम आहे तोवर उभे आहेत ते."

त्या दिवशी वाचनालयाच्या नव्या हॉलमध्ये भावोजींनी स्वतः ताण कसले, ढुशी मारली आणि खूश होऊन खाली उतरले. "बघ, ढिम्म हलत नाही!"

धाकटा वर राहिलेली अवजारं आणायला चढला. तोल सावरायला त्याने मशीनला हात लावला मात्र, ते पाळण्यासारखं डुललं. त्याने खाली पाहिलं, तर भावोजी वरच बघत होते.

"परत हलव."

"भावोजी, नट जरा सैल..."

"हलव म्हणतो ना!"

ते पुन्हा डुललं. भावोजी बराच वेळ आपल्या खांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथली सगळी मीच तपासली आहेत. चल, एकेक."

दुसऱ्या मशीनपाशी धाकट्याला वाटलं, ढुशी हळूच मारावी, कोणाला कळतंय? पण उद्या खाली माणसं बसणार होती. त्याने दणकून मारली. तेही हललं. भावोजी शिडी पुढे ओढायला लागले.

तिसऱ्याला त्याने जीव खाऊन ढुशी मारली. मशीन हललं नाही. परत मारली. खरंच हललं नाही! त्याला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "भावोजी, हे पक्कं आहे! तुम्हीच कसलंय!"

भावोजी खाली शिडी धरून उभे होते. "तुझ्या ताईने सांगितलंय ना असं म्हणायला?"

"शप्पथ, भावोजी!"

"बरं," ते म्हणाले. "पाना घे. हेही तूच कस."